पुढे बर्फाची, मागे चिखलाची

टौरंगा,
ऑगस्टचा पहिला रविवार

तीर्थरूप विमलआत्यास,

अनुयाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

चिखलात आणि बर्फात, दोन्हीकडे नीट चालेल असं टायर तुमच्या एवढ्या पुढारलेल्या देशात मिळत नाही का, असं तू विचारलं आहेस. आत्या, मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही सगळ्यांनी आजवर मला जे जे विचारलं (म्हैस एकाच अंगावर का बसते, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं, शेजारच्या पोराने कुठल्या शाखेला जावं) त्या सगळ्याला मी काही ना काही उत्तर दिलेलं आहे. हा पहिलाच प्रश्न असा निघाला, की ज्याचा मी मनापासून अभ्यास केला आणि अभ्यास केल्यामुळेच उत्तर येईनासं झालं.

तुझे गुडघे आता कसे आहेत? पावसात जास्त दुखतात का? तू दादांबरोबर पाठवलेली लसणाची चटणी पोचली. मधाची बाटली पोचली नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी इथे बरी आहे, जेवते, स्वेटर घालते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, हे मला कळतं. पण तू माझे निरोप मोबाईल ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात ऐकतेस, आणि ते ऐकायला तुझ्या शिवणवर्गातल्या बायका मशीन थांबवतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी नाही. इथल्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या मृणालिनीताई येत्या शनिवारी पुण्याला निघाल्या आहेत. त्यांचा भाऊ हे पाकीट लोणंदला तुझ्या हातात देईल. आईच्या हातात नको, कारण आईने दादांचं सगळं खरं मानलेलं आहे.

तर आत्या, तुझ्या निरोपावरून कळलं की दादा घरी पोचल्यापासून बर्फाच्या कारखान्यात, सलूनमध्ये आणि पारावर 'बर्फ भरपूर बघितला, टायरचं थोडं झालं, पण भरपूर बघितला' असं सांगत आहेत, आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर हायस्कूलच्या मुलांपुढे 'मी पाहिलेला बर्फ' यावर बोलायला हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं आहे. तुला म्हणून सांगते. दादांनी बर्फ पाहिलेला नाही. लांबूनसुद्धा नाही. तो त्यांना दिसला नाही याला कारण मी आहे, आणि ते कसं, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

माझ्या वडिलांना तू माझ्याहून जास्त ओळखतेस, तुझाच भाऊ तो. सगळा जन्म त्यांनी लोणंदच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या काढल्या, करवतीने कापल्या, भुशात गुंडाळल्या आणि टेम्पोत चढवल्या. बर्फाचं त्यांना कौतुक उरलं असेल असं कुणाला वाटणार नाही. पण मी इथे आले तेव्हापासून त्यांचं एकच. 'आपल्या बर्फाला मोटर लागते, अमोनिया लागतो, लाइट गेली की बसला मालक कपाळाला हात लावून. जो कुणीच केला नाही, असा बर्फ मला एकदा बघायचाय.' पासपोर्ट काढताना त्यांनी समोरच्या माणसालाही हेच कारण सांगितलं होतं. मला त्यांचं हे वाक्य फार थोर वाटलं. (अजूनही वाटतं. म्हणून जास्त वाईट वाटतं.) मी त्यांना शब्द दिला, की तुम्ही या, बर्फापर्यंत नेणं माझ्याकडे लागलं.

ते जुलैत आले, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात. आई म्हशीमुळे आली नाही. ऑकलंडच्या विमानतळावर उतरण्याआधी मी त्यांना फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतं, की इथे खाण्याच्या वस्तूंचे आणि मातीचे नियम कडक आहेत, आणि आपण काहीही लपवायचं नाही. खोटं बोलून देशात पाऊल टाकायचं नाही. दादांनी ते इतकं मनावर घेतलं, की मध तर दाखवलाच, शिवाय पायातल्या चपला काढून टेबलावर ठेवल्या आणि तळव्याला आपल्या मळ्यातली माती आहे असं खुणेने सांगितलं. मध त्या लोकांनी ठेवून घेतला. चपला मात्र एका गोऱ्या बाईने आत नेऊन स्वच्छ धुऊन आणून दिल्या. दादा गाडीत त्या धुतलेल्या चपला मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, 'माझ्या चपला आजवर कुणी धुतल्या नव्हत्या गं.' असा हा माणूस, आत्या. त्याला खोटं बोलायला लागावं, यात माझा केवढा हात आहे ते आता ऐक.

माझ्याकडे एक जुनी यूट आहे. यूट म्हणजे आपल्याकडचं पिकअप. इथे पुष्कळ लोक तिला ट्रकच म्हणतात. माझं काम किवीफळांच्या बागांत फिरायचं, आणि हिवाळ्यात छाटणी चालू असताना तिथे चिखल असा असतो, की बूट एका ठिकाणी राहतो आणि आपण पुढे जातो. म्हणजे चिखलाची टायरं हवीत. बर्फ पाहायचा तर रुआपेहू डोंगराकडे जायचं, वरच्या रस्त्यावर बर्फ, म्हणजे बर्फाची टायरं हवीत. आणि यूटची होती ती टायरं गुळगुळीत झालेली, म्हणजे कसलीही का होईना, पण हवीतच. मी ठरवलं, की असा निर्णय एकटीने, घाईने, जाहिरात पाहून घ्यायचा नाही. माहिती गोळा करायची, सगळ्यांचं ऐकायचं, मग ठरवायचं. (कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं, आणि ते चुकीचं आहे असं मी अजून म्हणत नाही.)

मी वाचायला बसले. थोडक्यात सांगते, कारण याच्या पुढे मलाही फारसं कळलेलं नाही. बर्फाच्या टायरचं रबर मऊ असतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. चिखलाच्या टायरवर मोठे ठोकळे असतात आणि मधे रुंद फटी, म्हणजे चिखल अडकत नाही, उडून जातो. चिखलाचं टायर बर्फावर घसरतं. बर्फाच्या टायरच्या चिरा चिखलाने भरल्या, की ते पाटासारखं सपाट होतं. टायरच्या दुकानातली मुलगी म्हणाली, की तिसरी एक जात आहे, दोन्हीकडे चालते, हीप्स लोक, म्हणजे ढीगभर लोक, तीच नेतात. मी विचारलं, दोन्हीकडे उत्तम चालते का? ती म्हणाली, उत्तम असं नाही, बरी चालते. आत्या, मला 'बरी' हा शब्द सहन झाला नाही. दादा अर्ध्या पृथ्वीवरून येणार आणि मी त्यांना 'बऱ्या' टायरांवर नेणार? मी तिचे आभार मानले आणि बाहेर पडले. त्या दुकानाच्या दाराशी मागे वळायला हवं होतं, असं मला आता रोज वाटतं.

घरी मी बैठक बोलावली. पोहे केले. एका बाजूला मकरंददादा, ऑकलंडला सँडरिंगहॅममध्ये राहतात, कॉम्प्युटरवाले, मूळचे पुण्याचे, दर वर्षी बर्फात जातात आणि गेल्याचं वर्षभर सांगतात. दुसऱ्या बाजूला हेमी, आमचा बागेतला सुपरवायझर, माओरी, जुलैतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येतो. मधे दादा, फेटा बांधून, कारण बैठक म्हटल्यावर त्यांनी बांधलाच. मकरंददादांनी लॅपटॉप उघडून रंगीत तक्ता दाखवला. 'अनुया, इमोशनल होऊ नकोस, डेटा बघ. विंटर टायर, विषय संपला.' हेमी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. तो म्हणाला, 'बर्फ काय, थांबलं तर वितळतो. चिखल वितळताना पाहिलायस कधी? मड टायर घे, स्वीट ॲज.' (म्हणजे एकदम झकास.) मकरंददादा म्हणाले, याने आयुष्यात बर्फात गाडी घातलेली नाही. हेमी म्हणाला, याने आयुष्यात गाडी रस्त्याखाली उतरवलेली नाही. दोघांचंही खरं होतं. मी दादांसाठी दोन्हीकडचं मराठीत सांगत होते. दादांनी सगळं ऐकून घेतलं, फेटा सारखा केला आणि म्हणाले, 'टायर कुठलं बी घाला. मागं भुसा टाका. बर्फाला भुशाशिवाय अडवणारं काय न्हाय.'

आता पाहा, दोघंही इतके चांगले, की नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत. मकरंददादांच्या गॅरेजात आमच्याच मापाची बर्फाची दोन टायरं पडून होती. पुढच्याच आठवड्यात ती घेऊन आले. हेमीच्या शेडमध्ये चिखलाची दोन होती, तीही आली. दोन आणि दोन. मला त्यात काहीतरी संकेत दिसला. कुणाचंच मन मोडायचं नाही, दोघांच्याही म्हणण्याला जागा द्यायची, म्हणजे पुढच्या चाकांना बर्फाची आणि मागच्या चाकांना चिखलाची! पुढची वळवतील, मागची ढकलतील. चारही चाकांना एकाच जातीची टायरं हवीत, हे मी वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं होतं, बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीत. पण मी नेहमी शेवटपर्यंत वाचते, आणि शेवटपर्यंत पोचले तोवर पहिली ओळ मागे राहिली होती. दादांनी आणि मी अंगणात जॅक लावून टायरं चढवली. दादांनी हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि शेजारणीच्या झाडाची लिंबं चारही चाकांखाली ठेवली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, लिंबं पिळायचं यंत्र मी देते ना, गाडी कशाला. मी तिला समजावून सांगितलं. तिने आणखी लिंबं आणून दिली.

दादांचं परतीचं विमान सोमवारी होतं. मला सुटी मिळाली ती त्याआधीच्या शनिवारी. आम्ही पहाटे निघालो. मागे भुशाची पोती, पुढे दादा, अंगात मकरंददादांचं लाल जाकीट, डोक्याला फेटा. ताउपोच्या पुढे ढग इतके खाली आले, की डोंगर कुठे आहे ते पाटीवरच वाचायचं. वर जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी नारिंगी कोटातली एक बाई गाड्या तपासत होती. ती आमच्या पुढच्या चाकांपाशी वाकली आणि तिने अंगठा वर केला. मी दादांकडे पाहिलं. आत्या, त्या क्षणी मी आयुष्यात कधी झाले नव्हते इतकी खूश होते. मग ती चालत मागे गेली. परत आली तेव्हा तिचा अंगठा खाली होता. म्हणाली, 'लव्ह' (इथे अनोळखी माणसालाही असं म्हणतात), 'अर्धी गाडी वर जाऊ शकते. अर्धी इथे ठेवावी लागेल.' मी तिला दोन्ही बाजूंचं म्हणणं समजावून द्यायला लागले. मकरंददादांचा तक्ता सांगितला, हेमीचा अनुभव सांगितला. तिने सगळं ऐकलं, कारण तीही चांगली बाई होती, आणि मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी तिने सांगितलं, खाली दुकानात चाकांना बांधायच्या साखळ्या भाड्याने मिळतात. आम्ही खाली गेलो. शाळांना सुटी लागलेली, आमच्या मापाच्या सगळ्या साखळ्या गेल्या होत्या.

इथेच थांबायला हवं होतं. कुणाच्या तरी गाडीत दादांना बसवून वर पाठवायला हवं होतं. मकरंददादांना फोन करायला हवा होता. काहीही करायला हवं होतं. पण मला नकाशात एक कच्चा रस्ता दिसला. शेतांमधून उंचावर जाणारा, तिथे कुणी अंगठेवाली बाई नव्हती. मी म्हटलं, दादा, आपण आपल्या वाटेने जाऊ. दादा म्हणाले, 'तू म्हणशील तसं. तू शिकलेली.'

तो रस्ता म्हणजे नुसता चिखल होता. आणि आत्या, मागची टायरं त्यांच्या कामाला एकदम चोख निघाली. त्यांनी गाडी अशी ढकलली, की हेमीला अभिमान वाटला असता. पुढच्या टायरांच्या सगळ्या चिरा मात्र चिखलाने भरल्या आणि ती वळेनात. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, पुढची चाकं उजवीकडे झाली, आणि गाडी सरळ गेली. अशा रीतीने उत्तम पकडीच्या जोरावर, पूर्ण वेगाने आम्ही चरात गेलो.

दादांना काही लागलं नाही. ते उतरले, फेटा सारखा केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, आनंद होता. त्यांची पाळी आली होती. त्यांनी पोती फोडली आणि भुसा चाकांखाली घातला. भुसा चिखलात मिसळला आणि त्याची घट्ट लापशी झाली. मी ॲक्सिलरेटर दाबला. लापशी दादांच्या लाल जाकिटावर, फेट्यावर, मिशीवर गेली. 'आणखी टाकतो,' दादा म्हणाले. आणखी टाकला. आणखी उडाली. कितीतरी वेळाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, आमच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं, मागच्या चाकांकडे पाहिलं आणि आम्हाला ओढून बाहेर काढलं. तोवर उजेड गेला होता. रविवारी दिवसभर पाऊस. सोमवारी मी दादांना ऑकलंडला सोडलं. वाटेत मी त्यांची माफी मागणार होते, वाक्यं जुळवली होती, पण तेच म्हणाले, 'अनू, तू वाईट वाटून घेऊ नको. गावाला काय सांगायचं ते मी बघतो.' मला वाटलं, ते सांगतील की हवामान खराब होतं.

तर आत्या, म्हणून विनंती. दादा जगात एका तुलाच भितात. त्यांना एकटं गाठून सांग, की हे भाषण नको. 'तब्येत बरी नाही' म्हणावं, हेडमास्तर समजून घेतील. लहान मुलांपुढे, झेंड्याखाली उभं राहून त्यांनी खोटं बोलावं, आणि तेही माझी लाज राखायला, हे मला सहन होत नाही. मुलगी एवढी शिकली, परदेशी गेली आणि बापाला बर्फापर्यंत नेऊ शकली नाही, असं लोक म्हणाले तर म्हणू देत. ते खरंच आहे. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगता येणार नाही.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. गुडघ्यांना जप.

तुझी,
अनुया

ता. क. (मंगळवार) एक गोष्ट वर लिहिली नाही. ती लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. आम्ही चरात असताना एकदा ढग फाटले होते. दादा मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसून, खाली मान घालून भुसा दाबत होते. मी आत, पाय ॲक्सिलरेटरवर. समोरच्या काचेतून अचानक पूर्ण डोंगर दिसला. मी हाक मारली; पण गाडीच्या आवाजात त्यांना वाटलं मी 'आणखी टाका' म्हणते आहे, म्हणून त्यांनी आणखी टाकला. मी इंजिन बंद करून दार उघडून खाली उतरले तोवर परत सगळं राखाडी झालं होतं. त्यांनी विचारलं, 'काय गं?' मी म्हटलं, काही नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं तो बर्फ मी एकटीने पाहिला, आणि तेही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

ता. क. (गुरुवार) तुझा आजचा निरोप ऐकला. (तू तो शिवणाच्या बायकांत बसूनच रेकॉर्ड केला आहेस, सगळ्यांचं हसणं ऐकू येतं.) तू म्हणतेस, आमचा भाऊ किसना लई रंगवून सांगतो. म्हणतो, लादीवर करवत चालवताना जो पांढरा चुरा उडतो ना, तसा चुरा अख्ख्या डोंगरावर पडलेला, कुणी कापलेला नाही, कुणी उचलायचा नाही, आणि वरून ऊन असं, की बघायचं म्हटलं तरी डोळे मिटावे लागतात. आत्या, मी तो निरोप पुन्हापुन्हा ऐकला. तो डोंगर अगदी तसाच होता. मी पाहिलेलं मला असं सांगता आलं नसतं. वर विनंती लिहिली आहे ती आता वाचून सोडून दे. दादांना काही बोलू नकोस. उलट त्या दिवशी पहिल्या रांगेत बस, आणि कुणी मधेच टायरचं विचारलं तर त्याला गप्प कर.

ता. क. (शुक्रवार, पाकीट चिकटवण्याआधी) काल संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडे शाळा भरल्यावर, मी हेडमास्तरांना फोन केला. नुसतं गप्प बसून राहणं मला जमेना. फोन लागेपर्यंत, आत्या, माझ्या तोंडात खरं सांगायचं वाक्यही तयार होतं आणि दुसरंही. ते म्हणाले, बरं झालं फोन केलात, तुमच्या वडिलांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत, पुरतील ना? मी म्हटलं, नाही सर, एवढा बर्फ वीस मिनिटांत आवरायचा नाही. अर्धा तास द्या, आणि लहान मुलांना पुढे बसवा.